बघितलं, बरोबर आहे

झेरॉक्सवालीला एकच गोष्ट हवी होती. त्या प्रोफेसरची मान खाली गेलेली बघायची. घर नको, गाडी नको, नवीन मशीनसुद्धा नको. म्हणजे मशीन हवं होतंच, जुनं कागद खायला लागलेलं, पण ते नंतर. आधी मान. आणि ती पण एकट्यात नाही, चारचौघात, तिच्या बाबांसमोर. आता बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं, मग बाबांसमोर कशी, हा प्रश्न होताच. पण राग असले प्रश्न विचारत बसतो का कधी?

दुकान कॉलेजच्या मागच्या गल्लीत. दोन मशीनं, एक स्पायरल बाइंडिंगचं यंत्र, एक डुगडुगणारं स्टूल आणि दारावर तिनंच जाड पेननं लिहिलेली पाटी, "शनिवारी बंद. का ते विचारू नये." सोमवारी परीक्षा असली की पोरं शुक्रवारी अर्ध्या शटरखालून हात घालायची. "ताई, दोनच पानं ना, प्लीज!" ही शटर ओढता ओढता म्हणायची, "सूर्य काय माझा काका लागतो, माझ्यासाठी थांबायला? हात काढ, चिरडेल."

शुक्रवारचा सूर्य बुडाला की शनिवार मावळेपर्यंत काम बंद, म्हणून गल्लीत तिच्या लोकांना सगळे शनिवारवाले म्हणायचे. लहानमोठी धरून तेवीस माणसं, एवढाच समाज. आणि हे ज्यू कसे झाले म्हणाल तर कुणी केलं नाही. तिचे बाबा चावीवाले. कुलपं दुरुस्त करायचे, चाव्या बनवायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की जुनी धर्मपुस्तकं वाचायचे. वाचता वाचता एक दिवस त्यांना पटलं की आपण हेच आहोत. झालं. त्यांनी बहिणीला सांगितलं, बहिणीनं नवऱ्याला, नवऱ्यानं पिठाच्या गिरणीवाल्याला. लोक हसले. आत्या तर अजून सांगते, "दादाला कुलूप उघडायची खोड होती, तिथंही त्यानं तेच केलं. आत कोण आहे ते न बघता दार उघडलं."

पण त्यांना येत काहीच नव्हतं. हिब्रूचं एक अक्षर माहीत नाही आणि शिकवणार कोण? मग एकदा एक परदेशी इंजिनिअर बॅगेची चावी हरवून दुकानात आला. बाबांनी बॅग उघडून दिली तर वरच प्रार्थनेचं छोटं पुस्तक! बाबांनी हात पुसून ते उचललं. इंजिनिअरला गाडी पकडायची होती. त्यानं पुस्तकातली चार पानं झेरॉक्सवालीकडून कॉपी करून घेऊ दिली, एका कागदावर बावीस अक्षरं आणि त्यांचे उच्चार लिहून दिले, बाबांच्या पाठीवर थाप मारली आणि गेला तो गेलाच.

त्या चार पानांवर बाबा तीन वर्षं बसले. चावीवाल्याची नजर ती. ते म्हणायचे, "बेटा, अक्षराला दात असतात. हे बघ, दोन अक्षरं सारखी दिसतात, पण याच्या मागे एवढासा दात आहे. तो चुकला की कुलूप उघडत नाही." सगळी पानं त्यांनी दातन् दात वाचून काढली, चाल लावली, तेवीस माणसांना शिकवली. चौथ्या पानाच्या अगदी तळाला एक बारीक ओळ होती. कल हझकुयोत शमुरोत. बाबांना वाटलं, शेवटी आहे, बारीक आहे, म्हणजे हळू आवाजात म्हणायची असणार. तिला त्यांनी सगळ्यात गोड चाल लावली. दर शुक्रवारी संध्याकाळी सगळे डोळे मिटून म्हणायचे, आणि आत्या, जी कशालाच रडत नाही, ती तिथं हमखास रडायची.

मग प्रोफेसर आला.

मोठ्या विद्यापीठाचा, जन्माचा ज्यू, सात पिढ्यांचा, आणि ते तो वाक्यावाक्याला सांगायचा. जगभरात असे विखुरलेले, नव्यानं तयार होणारे ज्यू समाज शोधत फिरणं हेच त्याचं काम. तीन दिवस राहिला. आत्यानं स्वतःची खाट दिली. बाबा तर लहान मुलासारखे त्याच्या मागे मागे. शुक्रवारी सगळ्यांनी प्रार्थना म्हटली आणि यानं मोबाईलवर शूटिंग केलं. शनिवारचे दिवे लागायच्या आधी केलं, तेवढं बरं, नंतर यंत्राला हात लावायचा नसतो. शेवटची ओळ आली, बाबा डोळे मिटून गायला लागले आणि याला हसू फुटलं. हसला म्हणजे किती! पोट धरून.

"अहो चावीवाले," तो म्हणाला, "ही प्रार्थना नाही. छापखान्याची ओळ आहे. सर्व हक्क राखून ठेवले आहेत!"

बाबा पण हसले. म्हणजे पाहुणा हसतोय म्हणून हसले. ते हसणं झेरॉक्सवालीच्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

महिन्याभरात क्लिप आली. बाबांचा चेहरा, मिटलेले डोळे, खाली त्या ओळीचा अर्थ आणि हसणाऱ्या तोंडांची रांग. लाखो लोकांनी बघितली. गल्लीतल्या पोरांनी बाबांच्या दुकानासमोर ती ओळ त्याच चालीत म्हणायला सुरुवात केली. बाबांनी आधी ती ओळ सोडली. मग गाणंच सोडलं. नुसते ओठ हलवायचे. अकरा महिन्यांनी गेले. डॉक्टरनं हृदय लिहिलं. डॉक्टर काय, क्लिप असं थोडंच लिहिणार?

तेव्हापासून ही वाचायला लागली. जे मशीनवरून जाईल ते वाचायची. धर्माचा अभ्यास करणारी पोरं जाड पुस्तकं कॉपीला टाकून चहाला जायची आणि ही काचेवर पान ठेवायच्या आधी ते संपवायची. नियम, वाद, उत्तरं, त्यावरचे वाद. प्रोफेसरला एक दिवस त्याच्याच पुस्तकातून पकडीन, एवढं एकच डोक्यात.

आणि तो दिवस स्वतःच्या पायांनी चालत आला! शुक्रवारी सकाळी कॉलेजचा शिपाई आला, खांद्यावर पिशवी, नेहमीची घाई.

"ताई, ऐंशी सेट. रविवारी हॉलमध्ये मोठं भाषण आहे. आज दुपारपर्यंत दे, तुझा सूर्य बुडायच्या आत."

"कुणाचं भाषण?"

"कोण तो प्रोफेसर. ज्यू लोकांवर. तुमच्यातलाच ना?"

"आमच्यातला नाही," ती म्हणाली, आणि पहिलं पान बघून तिचे कान तापले. तिसऱ्या पानावर बाबांचा फोटो होता. उघडं तोंड, मिटलेले डोळे. खाली 'हास्यास्पद पण हृद्य उदाहरण' असं लिहिलेलं. हृद्य म्हणे!

तिनं मशीन बंद ठेवलं आणि आधी सगळं वाचलं. आणि काय सांगू, त्यात काय काय होतं! कुठे डोंगरात वीस घरं, शाळामास्तरानं वाचून दाखवलं म्हणून शनिवार पाळणारी. कुठे बेटावर एकच कुटुंब, आजी गेली की प्रार्थना संपणार म्हणून नातीनं ती वहीत उतरवलेली. कुठे शंभर माणसं, स्वतः विटा भाजून प्रार्थनाघर बांधणारी. म्हणजे आपल्यासारखे आहेत! इतके! बाबांना आयुष्यभर वाटत राहिलं की आपण तेवीसच, जगापासून तुटलेले, वेडे. आणि या माणसाला सगळं ठाऊक होतं. तीन दिवस आत्याच्या खाटेवर लोळला, बाबांच्या हातचा चहा प्यायला, आणि एका शब्दानं बोलला नाही की चावीवाले, तुम्ही एकटे नाही. हसायला मात्र वेळ होता.

मग तिची नजर पुन्हा कव्हरवर गेली. वर मोठ्या अक्षरात हिब्रू. ती उजवीकडून वाचायला लागली आणि अडखळली. परत वाचलं. लारसी अमश. हे काय? मग डोक्यात ट्यूब पेटली. कॉम्प्युटरनं अक्षरांची रांगच उलटी लावली होती! शमा इस्राएल, ऐक इस्राएल, त्यांची सगळ्यात मोठी प्रार्थना, शेवटापासून सुरुवातीपर्यंत. आत पण हिब्रूची प्रत्येक ओळ तशीच. आणि कव्हरच्या पाठीमागे, कोपऱ्यात निळ्या शाईत प्रोफेसरचा शेरा, "बघितलं, बरोबर आहे. ऐंशी प्रती काढा." खाली झोकदार सही.

आता तिच्या दुकानाचा एक नियम होता. चूक दिसली तर गिऱ्हाइकाला सांगायची, मगच कॉपी काढायची. पान उलटं असो, नंबर चुकलेला असो. एकदा तर एका पोराच्या लग्नपत्रिकेत वधूचं नाव चुकलेलं दिसलं म्हणून रिक्षा करून त्याच्या घरी गेली होती.

शिपाई म्हणाला, "काय गं, काही गडबड आहे का पानात?"

तिनं कव्हर काचेवर पालथं ठेवलं. मग म्हणाली, "प्रोफेसरनं बघितलंय ना? मग बरोबरच असणार."

आणि हिरवं बटण दाबलं. ऐंशी वेळा तो प्रकाश काचेखालून सरकला आणि प्रत्येक वेळी तिला असं गार गार वाटलं की विचारू नका. सेट टाचून दिले. मूळ पान मात्र ठेवून घेतलं. शिपायानं मागितलंच नाही.

शनिवारी ती आत्याच्या शेजारी बसली होती. आत्या म्हणाली, "तुझं तोंड दूध प्यालेल्या मांजरासारखं का दिसतंय?"

"उद्या कळेल. हॉलमध्ये यायचंय, सगळ्यांनी."

"त्या मेल्याच्या भाषणाला? मी थुंकायला पण जाणार नाही."

"थुंकायला नको गं आत्या. बघायला चल."

रविवारी हॉल भरलेला. शनिवारवाले सगळे मागच्या दोन रांगांत. गिरणीवाले काका, आत्या, आत्याचा नवरा, शिवणवाली वहिनी, सगळे. पुढे मधोमध अध्यक्ष म्हणून मोठ्या शहरातले म्हातारे धर्मगुरू, पांढरी दाढी, नाकाच्या टोकावर चष्मा. शिपायानं सेट वाटले. प्रोफेसर उभा राहिला, कडक इस्त्री, हातात माईक.

बोलायला चांगला होता, खोटं कशाला बोला. डोंगर झाले, बेट झालं. मग म्हणाला, "आणि आता याच गावातला एक गमतीदार नमुना. भावना शंभर टक्के, ज्ञान शून्य. आपल्या धर्मात सामूहिक प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात. हे तेवीस आहेत. पण त्यातले दहात धरण्यासारखे किती? शून्य!"

लोक हसले. आत्यानं झेरॉक्सवालीचा हात असा दाबला की बोटं कडकन वाजली.

"प्रोफेसर," पुढून म्हातारा, खरखरीत आवाज आला. धर्मगुरूंनी कव्हर नाकाजवळ धरलं होतं. "एक विचारू? हा लारसी अमश कोण?"

"कोण?"

"तुमच्या कव्हरवर आहे. लारसी अमश. पाहुणे आहेत का कुणी? आत पण दिसतात, पानापानावर."

धर्माचा अभ्यास करणाऱ्या ज्या पोरांना हिब्रू वाचता येत होतं ती आधी हसली. मग शेजाऱ्यांना समजावून सांगितलं, मग ते हसले. हास्य असं रांगेरांगेनं मागे येत गेलं आणि झेरॉक्सवाली ते येताना बघत होती. प्रोफेसरनं पान बघितलं आणि त्याचे कान लाल झाले. पण पट्ठ्या सावरला.

"माफ करा हं. लहान गावात हे असं होतं. झेरॉक्सवाल्यानं काहीतरी गोंधळ घातला. मशीननं उलटं केलं."

खरं सांगायचं तर ती तिथं नुसती बसून मजा बघणार होती. तेवढंच ठरलं होतं. पण 'झेरॉक्सवाल्यानं' ऐकलं आणि ती उभी राहिली. पाय आपोआपच चालायला लागले, सरळ पुढे.

"मशीन उलटं करत नाही," ती म्हणाली. "त्यानं उलटं केलं असतं तर बाकीचं पान सरळ कसं? मशीनला जे द्याल तेच ते देतं." तिनं मूळ पान धर्मगुरूंच्या हातात ठेवलं. "आजोबा, मागे कोपऱ्यात काय लिहिलंय तेवढं जरा मोठ्यानं वाचा."

म्हाताऱ्यानं चष्मा वर ढकलला. "बघितलं, बरोबर आहे."

हॉलमध्ये हशा फुटला! अक्षरशः टाळ्या पडल्या. मागून आत्या ओरडली, "परत वाचा हो, इकडे ऐकू आलं नाही!"

झेरॉक्सवाली हसली नाही. ती प्रोफेसरकडे वळली. "माझ्या बाबांनी पानावर जे होतं ते सगळं वाचलं. शेवटच्या बारीक ओळीपर्यंत. तुम्ही स्वतःचं पान वाचलंच नाही. ज्ञान शून्य कुणाचं?"

त्यानं तिला आत्ता ओळखलं. "तुम्ही... चावीवाल्यांच्या..."

"मुलगी."

"कसे आहेत ते?"

"गेले."

 माईक चालू होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मग घाईघाईनं म्हणाला, "मला खरंच वाईट वाटतं. मी तुमची माफी मागतो. आत्ता, सगळ्यांसमोर. क्लिप पण काढून टाकतो."

"क्लिप काढाच. पण माझी माफी कशाला? मला कुठे काय केलंत? आणि तुम्हाला नियम माहीत असेलच, सात पिढ्यांचे तुम्ही. ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर काय करायचं?"

प्रोफेसरनं माईक खाली केला. माहीत होतं त्याला, तोंडावर दिसत होतं. ती धर्मगुरूंकडे वळली. "आजोबा, तुम्ही सांगा."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. मग सावकाश म्हणाला, "दहा जणांना घेऊन त्याच्या कबरीवर जायचं. त्या दहांसमोर म्हणायचं, मी देवाचा आणि या माणसाचा अपराध केला. मुली, हे तुला कुणी शिकवलं?"

"मशीननं."

"पण दहा कुठून आणायचे?" प्रोफेसर पुटपुटला. "इथं तर मी आणि गुरुवर्य दोघेच..."

"त्याची काळजी करू नका," ती मागच्या दोन रांगांकडे हात करत म्हणाली. "दहा माझ्याकडे आहेत."

तेव्हा कुठे त्याला सापळा दिसला. नाही म्हणावं तर चारशे माणसांसमोर एका मेलेल्या म्हाताऱ्याची माफी नाकारली असं होणार. हो म्हणावं तर आत्ताच शून्य म्हणालेली माणसं मोजावी लागणार. त्यानं म्हाताऱ्याकडे बघितलं, सुटका होईल म्हणून. म्हाताऱ्यानं मूळ पानाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "उद्या सकाळी नऊला चालेल?"

सोमवारी नऊला कब्रस्तानात. बाबांची जागा भिंतीकडेला, साधा दगड, त्यावर बाबांनीच जिवंतपणी कोरून ठेवलेली स्वतःच्या नावाची चार हिब्रू अक्षरं, सगळे दात जागेवर. गिरणीवाले काका पीठ झटकून आलेले, तरी भुवया पांढऱ्याच. आत्याचा नवरा, शिवणवालीचा नवरा, दोन्ही चुलतभाऊ, घड्याळजी, असे दहा पुरुष ओळीनं उभे. बायका मागे. आत्या मागे राहायला तयार नव्हती, म्हणून ती बाजूला.

प्रोफेसर म्हाताऱ्याला हाताला धरून आला. कालची इस्त्री उतरली होती. म्हातारा दगडापाशी थांबला, अक्षरं वाचली, आणि मग अगदी सहज, जसं कुणी किती वाजले विचारावं तसं विचारलं, "प्रोफेसर, दहा झाले का?"

 प्रोफेसरची नजर ओळीवरून फिरली. एकेका तोंडावर थांबत गेली, पांढऱ्या भुवयांवर थांबली, पुढे सरकली. झेरॉक्सवाली त्याचे ओठ बघत होती. या एका शब्दासाठी ती दीड वर्षं जगली होती.

"झाले," तो म्हणाला.

"मग म्हणा."

तो म्हणाला. इतकं हळू की वाऱ्यालाही ऐकू गेलं नसतं.

"काय रे," आत्या म्हणाली, "आज माईक नाही आणलास?"

दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. झेरॉक्सवालीनं मान हलवली, नाही. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा आवाज फुटला होता, डोळे खाली दगडावर आणि मान खाली, पार छातीला टेकलेली. अशी खाली की पांढरी कॉलर मागून दिसत होती. ती बघत राहिली. पोटभर बघितलं. दया यायला हवी होती म्हणतात अशा वेळी. आली नाही. मुळीच आली नाही, आणि त्याचं तिला काही वाटलंही नाही.

शेवटी त्यानं मान वर केली. "माफ केलंत ना?"

"मला काय विचारता? ज्यांना विचारलं ते उत्तर देतील."

"म्हणजे... मी कधीपर्यंत...?"

"ते काही पुस्तकात सापडलं नाही," ती म्हणाली. "थांबून बघा."

मग तिनं ओढणीनं दगडावरची धूळ पुसली, म्हाताऱ्याला हात दिला आणि सगळे निघाले. काकांना गिरणी उघडायची होती, हिला दुकान, आज परीक्षा होती आणि पोरं शटरपाशी जमली असणार. फाटकापाशी आत्या वळून म्हणाली, "अगं, तो अजून तिथंच उभा आहे. हाक मारू का?"

"नको," झेरॉक्सवाली म्हणाली. "उभा राहू दे."